हाकेच्या अंतरावरची सुटी

सुलतानपूरच्या माणसानं सुटीत कुठं जावं, हा प्रश्न एके काळी कुणाला पडत नसे. फाट्यावर उभं राहिलं की वाटा समोरच असत. एक लोणारला, एक मेहकरला, एक बिबी आणि किनगाव राजावरून सिंदखेडराजाला. जी एस.टी. आधी येई ती आपली. महाबळेश्वर भूगोलाच्या पुस्तकात होतं, काश्मीर सिनेमात होतं, आणि आमची हवापालट बारा-तेरा किलोमीटरवर लोणारच्या धारेखाली होत होती. तेवढ्या अंतरात माणूस दमत नसे, पैसा संपत नसे, आणि संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला घरी पोचता येई. गोठ्यातल्या म्हशीला दिवाळीची सुटी कळत नाही. आमच्या सगळ्या सहलींची लांबी त्या म्हशीनंच ठरवून दिलेली होती.

त्या सहली आता संपल्या. ठिकाणं सगळी जागच्या जागी आहेत. रस्ते पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले झाले. घराघरांत गाड्या आल्या. तरी संपल्या. गेलेल्या माणसाच्या आठवणी काढत घरचे दहाव्याला बसतात, तसं त्या सहलींजवळ थोडा वेळ बसावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

लोणारला जग लांबून येतं. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. त्याच्या कितीतरी आधी ‘आईन-ए-अकबरी’नं इथल्या क्षारांची दखल घेतली होती. उल्का येऊन आदळली आणि काळ्या बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खळगा पडला. त्याचं वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत. पुढच्या चाचण्यांनी ते पाच लाखांच्याही पलीकडं नेलं. 2020 च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश इकडं बघत होता. मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत असल्याचं पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळं रामसर यादीत गेलं.

आमच्या घरात मात्र लोणार म्हणजे भूक. गोमुखातून पडणारं धारेचं पाणी डोक्यावर घेतलं की अशी भूक लागे, की पोरं ओल्या चड्डीतच डब्यांकडं धावत. बायका लुगडी पिळून पायऱ्यांवर वाळत टाकत. मग फडकी सुटत. रात्री भाजून ठेवलेल्या ज्वारीच्या भाकरी, दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडं बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. उन्हाळ्यात कैरी-कांद्याचा तक्कू. कांदा चिरायचा नाही, मुठीनं फोडायचा. त्या जेवणात नवं काहीच नसे. आदल्या दिवशी घरी हेच खाल्लेलं आणि उद्याही हेच खायचं. पण घरी बाबा आधी जेवत, मग पोरं, आणि बाया सगळ्यात शेवटी, चुलीजवळ, उरलेल्यात भागवत. धारेवर सगळे एकाच वेळी जेवत. आईला जेवताना आम्ही तिथंच बघितलं.

जेवण झालं की खाली विवरात उतरायचं. वाटेत वानरं, मोर, मध्येच एखादं पडकं देऊळ. लवणासुराची गोष्ट दर वेळी नव्यानं सांगितली जाई. दैत्यसूदन मंदिरातल्या विष्णूनं त्याला मारलं आणि त्याच्या नावावरून लोणार झालं, ही कथा आजीला पाठ होती, पण राक्षसाचा आकार दर वर्षी वाढत जाई. तळ्याकाठी कमळजा देवी, आणि देवीसमोर सासू-सुनेची विहीर. एका अंगाला गोड पाणी, दुसऱ्या अंगाला खारट. मोठीमाय, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, तिथं दर वेळी तोच विनोद करी: “गोड बाजू सुनंची, खारट सासूची.” आणि तिची सासू, आमची आजी, शेजारीच पदर सावरत बसलेली असे. ती शांतपणे म्हणे, “पाणी एकच हाय माय, चाखणाराच्या तोंडाचा फरक हाय.” दोघी हसत. एका घरात राहून ज्या गोष्टी बोलता येत नव्हत्या, त्या विहिरीच्या काठावर हसण्यावारी बोलून होत.

सहलीची घोषणाही मोठीमायच करायची. त्यात विचारविनिमय नसे. रात्री भांडी आवरता आवरता ती ओसरीकडं तोंड करून म्हणे, “उद्या निंघाचं.” एवढंच. मग बाबा पगाराच्या तारखेचं बोलत, मोठे बाबा पेरणीचं किंवा कापसाच्या वेचणीचं बोलत, कुणाला खोकला असे, कुणाची परीक्षा असे. ती काही ऐकत नसे, आणि परातीत पीठ घेतलेलं असे. पीठ भिजल्यावर न जाणं म्हणजे अन्न वाया घालवणं. ते आमच्या घरात कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

लांब नाही जमलं तर रोडगे. त्यासाठी तर गावही सोडावं लागत नसे. मारुतीचा पार, नाही तर आपलंच शेत. नवस फेडायचा असो की नुसता कंटाळा आलेला असो, वऱ्हाडात दोन्हीला रोडगे चालतात. जाड दळलेली कणीक, थरांच्या मध्ये तेलाचा हात, वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आहारात पुरायचे. सोबत मोठ्या गंजात वांग्याची भाजी आणि दुसऱ्यात तुरीचं वरण. हे काम पुरुषांचं. एरवी पाण्याचा पेला हातानं न घेणारे मोठे बाबा त्या दिवशी धोतर खोचून, डोळ्यांत धूर घेऊन रोडगे उलटत. बाया झाडाखाली बसून बोलत. खरी सुटी त्यांची असे. मोठीमाय मात्र बसल्या जागेवरून सूचना देई: “तिखट कमी पडलं. मीठ कोनी पाह्यलं का?” आहारातून काढलेला रोडगा फडक्यावर आपटून राख झाडायची, मधोमध फोडायचा आणि त्या वाफेत तुपाची धार सोडायची. पळसाच्या पत्रावळीवर वरण ओघळू नये म्हणून भाताचा बांध घालावा लागे. राखेचा एखादा कण दाताखाली येई. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

हिवाळ्यात शेतच सहलीचं ठिकाण. हुरडा, हरभऱ्याचा हुळा, ओल्या तुरीचे सोले. हुळा भाजल्यावर सगळ्यांची तोंडं काळी होत, आणि मग एकमेकांकडं बघून हसायचं, एवढीच करमणूक. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, सोल्यांची झणझणीत आमटी आणि कळण्याची भाकरी. वांगी भाजायची ती तुराट्यांवरच. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मोठीमायनं आयुष्यभर मान्य केलं नाही. “हे आजाऱ्याचं हाय,” असं म्हणून ती ताट पुढं सारत असे.

हुरड्याचं पुढं काय झालं, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. सोयाबीन आलं. त्यानं पैसा दिला, पोरांच्या फिया दिल्या, विटांची घरं दिली. त्याला दोष देण्याचा हक्क त्यावर शिकलेल्या कुणालाही नाही. पण ज्वारी मागं सरत सरत शेताच्या एका कोपऱ्यात गेली, आणि पाखरं सगळी त्याच कोपऱ्यावर तुटून पडू लागली, तेव्हा तोही कोपरा शेतकऱ्यानं सोडून दिला. हुरडा आता मोठ्या शहरांच्या बाहेर तिकीट काढून खायला मिळतो. तिथं झोका असतो, बैलगाडीची फेरी असते. ज्वारी आपल्या बापानं पेरलेली नसते, एवढाच फरक.

काही पंगती घरापेक्षा मोठ्या होत्या. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात, शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात, विवेकानंद जयंतीच्या उत्सवाची सांगता महाप्रसादानं होते. शेतात नजर जाईल तिथपर्यंत माणसांच्या रांगा बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढत नेतात. महाराज 2017 मध्ये गेले, पंगत थांबली नाही. लहानपणी त्या रांगेत बसून आपल्याकडं येणारा ट्रॅक्टर बघत राहण्यात जे सुख होतं, ते पुढं कुठल्याच हॉटेलात भेटलं नाही. शेजारी कोण बसलंय, कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, काही माहीत नसे. त्याच्या पत्रावळीवर पडलं तेच आपल्या पत्रावळीवर.

आषाढीनंतर पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी जालना, सिंदखेडराजा, बिबी, लोणार, मेहकर अशा वाटेनं येते. तेव्हा सुटी आपल्या दारात चालत यायची. कुठं जायचं नाही, फक्त रस्त्यावर उभं राहायचं. वारकऱ्यांना चहा द्यायचा, पोह्यांच्या परातीमागून पराती रिकाम्या करायच्या. मोठीमायला आपल्या हातचं अनोळखी माणसानं खाल्लेलं फार आवडे. घरचे खातात ते गरजेपोटी, असं तिचं मत होतं.

मेहकरला जायचं ते शारंगधर बालाजीच्या दर्शनाला. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळी, भव्य मूर्ती. ती परदेशी न्यायचा साहेबाचा बेत होता आणि गावानं घाईघाईनं तिची प्रतिष्ठापना करून टाकली, असं मेहकरची माणसं अभिमानानं सांगतात. दर्शन घ्यायचं, पैनगंगेकडं एक नजर टाकायची आणि परतीच्या बसआधी कचोरी खायची. जिल्ह्यात शेगावची कचोरी प्रसिद्ध असली, तरी प्रत्येक बसस्टँडच्या कढईजवळ उभं राहिलेल्या माणसाला समोरची कचोरीच खरी वाटते. सोबत तळलेली, मीठ लावलेली मिरची. सिंदखेडराजाची फेरी वर्षातून एखादी. लखुजी जाधवांचा वाडा, मोती तलाव, आणि जिजाऊंच्या जन्मस्थानी टेकवलेलं डोकं. 12 जानेवारीला तिथं एवढी गर्दी होते, की मोठीमाय म्हणे, “माहेरी गर्दीत जाऊ नाही, निवांत जावं.” तिचं स्वतःचं माहेर कधीच मोडलं होतं. जिजाऊंचं माहेर तिनं आपलं मानलं होतं.

आणि फाट्यावरचं हॉटेल. पत्र्याचं छप्पर, पुढं कढई, काचेच्या कपाटात आलूबोंडे. नागपूरहून जालना, औरंगाबाद, पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या याच रस्त्यानं जात. रात्री ट्रॅव्हल्स थांबत, ड्रायव्हरांसाठी खाटा टाकलेल्या असत, आणि आम्हाला झोपेतही डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास येई. वर्षातून कधी तरी, बाबांचा थकलेला पगार मिळाला किंवा कुणी पास झालं, तर घरापासून पायी जाता येईल अशा त्या ढाब्यावर सगळ्यांनी जेवायचं. शेवभाजी, तंदूरची रोटी, आणि हाफ प्लेटमध्ये चौघे. आजी बाहेरचं खात नसे. ती आपली भाकरी पदरात बांधून आणी आणि ढाब्याच्या बाकावर बसून खाई. मालक काही म्हणत नसे. उलट तिच्यापुढं कांदा आणि मीठ आणून ठेवी. आपल्या गिऱ्हाइकाच्या आईला घरची भाकरी खाऊ देणारं हॉटेल, एवढी एक ओळख त्या ढाब्याला पुरे होती.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आमच्याच तालुक्यांतून तो गेला आहे. त्यानं नागपूरचा दवाखाना जवळ आला, संभाजीनगरचं कॉलेज जवळ आलं, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला त्या रस्त्याची किंमत सांगावी लागत नाही. लांबच्या गाड्या तिकडून जाऊ लागल्या, हे साहजिकच. रस्त्याला गाव नको असतं, रस्त्याला पोचायचं असतं. फाट्यावरच्या कढईखालचा जाळ आधी रात्रीचा विझला, नंतर दुपारचाही. खाटा आत गेल्या. जुन्या रस्त्यावर आता माणूस आपल्या वेगानं रस्ता ओलांडू शकतो, म्हाताऱ्यांना ते बरंही वाटतं.

पण आमच्या सहली त्या रस्त्यानं मारल्या नाहीत. सोयाबीननंही नाही. त्या आधीच आजारी होत्या. पोरं शिकली, पुण्याला गेली, संभाजीनगरला गेली, नागपूरला गेली. म्हैस विकली गेली, आणि संध्याकाळी परत येण्याचं कारणच उरलं नाही. गंमत अशी, की म्हैस होती तोवर आम्ही सतत कुठं ना कुठं जात होतो. मोकळे झालो आणि जाणं थांबलं.

मोठीमाय गेली ती पौषात, तुरी भरल्या होत्या तेव्हा. फार आजारी नव्हती. थकली होती. शेवटच्या दिवाळीत तिनं रात्री अंथरुणावरून म्हटलं होतं, “उद्या निंघाचं.” कुठं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सकाळी ज्याच्या त्याच्या गाड्या होत्या, बुकिंग होतं, कुणाला सोमवारी ऑफिस होतं. तिनंही पुन्हा काढलं नाही. परातीत पीठ घेण्याएवढा जोर तिच्या हातात उरला नव्हता, आणि नुसत्या शब्दाला आमच्या घरात तेवढं वजन नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

तिच्या तेरवीला सगळे आले. दिवाळीला न येणारे, लग्नाला न येणारे, कुणी पहिल्या विमानानं, कुणी रात्रीतून गाडी हाणत. मांडवात पंगती बसल्या. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी. इतक्या वर्षांनी एवढं मोठं कुटुंब एकाच वेळी जेवायला बसलं होतं. पत्रावळीवर वरण ओघळू नये म्हणून एका पुतण्यानं, कुणी न सांगता, भाताचा बांध घातला. त्याला तो कुणी शिकवला होता, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. जेवण झाल्यावर कुणी तरी म्हणालं, आता सगळे आहोतच, तर लोणारला जाऊन येऊ. सगळ्यांनी मान हलवली. चार वाजता पहिली गाडी सुटली, सहापर्यंत अंगण रिकामं झालं.

आता येतात पोरं. गाडीनं लोणारला जातात, काठावरून फोटो घेतात, तासाभरात परततात. वाटेत एखाद्या फॅमिली रेस्टॉरंटात पनीर मागवतात. पनीरला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. आम्हालाही त्या वयात शेवभाजीचं भाकरीपेक्षा अप्रूप होतंच. तळ्याभोवती आता अभयारण्य आहे, गेल्या काही वर्षांत पाणीही बरंच चढलं आहे, आणि त्या जागेनं आमच्या डब्यांशिवाय निवांत असावं हे बरंच. रोडगे आजही होतात. कंत्राट दिलं की आचारी येतो, गोवऱ्या त्याच्या, गंज त्याचे, चव चांगली असते. बेसन, ठेचा, भरीत, सगळ्यांची कृती मोबाइलवर मिळते, मोजमापासकट. गेलं ते ताटातलं काही नाही.

प्रत्येक घरात एक माणूस असं असतं, ज्याच्यामुळं बाकीचे उठतात. त्याला प्रवासाची हौस असतेच असं नाही. मोठीमायनं सगळ्या जन्मात हा जिल्हा ओलांडला तो पंढरपूरसाठी. पण सगळ्यांना एका वेळी, एका जागी, एका अन्नाजवळ आणून बसवायचं, एवढं एक काम तिनं आपलं मानलं होतं. ते काम कुणी नेमून देत नाही, त्याला मान नाही, त्यात बोलणी मात्र खावी लागतात. ते करणारं माणूस गेलं की लोणार लांब होतं, मेहकर लांब होतं, शेजारचा मारुतीचा पारही लांब होतो. आणि मग घरातले सगळे मिळून स्वित्झर्लंडला जरी गेले, तरी ते वेगवेगळेच जेवतात.

म्हणून, वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात असं कुणी अजून असेल आणि रात्री भांडी आवरताना ते काही म्हणालं, तर सुटीचा अर्ज, पोराची शिकवणी, गाडीचं बुकिंग, सगळं बाजूला सारा आणि सकाळी त्याच्याबरोबर निघा. आणि असं कुणी उरलं नसेल, तर ते काम आता तुमच्याकडं आलं आहे. दुसऱ्या कुणाची वाट बघू नका. आज रात्रीच परातीत पीठ घ्या.